वहिनींचा डावा बूट

मी आता जुना झालो आहे, मित्रांनो, पण विसरलेलो काहीच नाही. मी चालायचा बूट आहे, डाव्या पायाचा. माझा तळ एका बाजूने झिजला आहे, नाडीचं टोक पिंजलं आहे आणि मूळचा रंग कोणता होता हे मलाही आता सांगता यायचं नाही. माझा उजवा भाऊ स्वभावाने शांत आहे. झालं गेलं तो सोडून देतो. मी सोडत नाही. म्हणून ही गोष्ट मीच सांगतो.

एका लांबलचक शेडमध्ये आमचा जन्म झाला. साच्यावर ताणून, गोंद लावून, तळ दाबून बसवून आम्हाला बूट केलं गेलं. शेवटी एका बाईने माझ्या टाचेत अंगठा दाबून पाहिला आणि म्हणाली, "हा जोड लांब जाणार." त्या एका वाक्यावर मी दुकानाच्या फळीवर कितीतरी दिवस छाती फुगवून बसलो होतो.

आम्हाला विकत घेतलं ते शाळेचे गणवेश शिवणाऱ्या एका कारखान्याच्या थोरल्या मालकांनी. दुकानदाराने विचारलं, "कुणासाठी?"

"बायकोसाठी," ते म्हणाले. "दिवसभर उभी असते, पण चालत कुठेच नाही."

त्यांची बायको म्हणजे वहिनी. तसं पाहिलं तर त्या फक्त त्यांच्या दिराच्या, धाकट्या मालकाच्या वहिनी. पण त्याचं ऐकून अख्खा कारखाना त्यांना वहिनीच म्हणायचा. कापड बेतणं आणि कापणं हे त्यांचं काम. लांब टेबलावर कापडाचे थर एकावर एक अंथरलेले असत, त्यावर त्या खडूने रेघ मारत आणि मोठी कातरी चालवत. त्यांच्या हातची बाही कधी आखूड निघाली नाही की कॉलर कधी वाकडी बसली नाही. पण स्वतःच्या बाबतीत सगळाच आनंद! चहा समोर ठेवला की त्यावर साय धरायची. डबा संध्याकाळी तसाच घरी जायचा. लघवीला जायचं तरी, "हा थर झाला की जाते." आम्हाला पाहून त्या खूश झाल्या, खोटं कशाला सांगू. नवऱ्याला म्हणाल्या, "छान आहेत हो! उद्यापासून नक्की चालायला जाते." आणि खोक्यासकट आम्हाला टेबलाखाली सरकवलं.

तो उद्या काही आला नाही. टेबलाखाली आमच्यावर दोऱ्यांचे तुकडे आणि कापडाचा भुसा साचत गेला. थोरले मालक अधूनमधून वाकून बघायचे आणि हसून म्हणायचे, "आहेत का अजून नवेच?" खरं तर चालायची गरज त्यांनाही तितकीच होती. एका दुपारी ते जिन्यात छाती धरून बसले, ते उठलेच नाहीत. त्यानंतर वहिनींनी दुःख कामात बुडवलं. सकाळी सगळ्यांच्या आधी येत, रात्री सगळ्यांच्या नंतर जात, आणि घरी जाऊन काय खात, खात तरी की नाही, देव जाणे.

शाळा सुरू होण्याआधीच्या घाईच्या दिवसांत व्हायचं ते झालंच. कातरी हातात असतानाच वहिनींचे पाय लटपटले. आधाराला त्यांनी कापड धरलं आणि सगळे थर अंगावर घेऊन त्या खाली पडल्या. माझ्या अगदी समोर. त्यांचा चेहरा मी इतक्या जवळून तेव्हा पहिल्यांदा पाहिला. दवाखान्यात कळलं की साखर वाढलेली, रक्तदाब वाढलेला, कंबरेची तर पार वाट लागलेली. डॉक्टर वहिनींच्या मुलीला म्हणाले म्हणे, "या बाईंकडे कुणीच बघत नव्हतं का? त्या स्वतःसुद्धा?"

आता धाकट्याबद्दल. बाकी सगळे त्याला धाकटे मालक म्हणतात. मी नुसता धाकटा म्हणतो. कारखाना दोघा भावांचा. थोरल्यांच्या मागे निम्मा वहिनींचा, हे लहानथोर सगळ्यांना माहीत होतं. तरी वहिनी दवाखान्यात असतानाच त्याने ते टेबल आपल्या मेव्हण्याला दिलं. टेबलाखालची आवराआवर करताना आमचं खोकं त्याच्या पायाला लागलं.

"हे कुणाचं?"

बटणांची काजं करणारी बाई म्हणाली, "वहिनींचे बूट आहेत. कधी घातलेच नाहीत बिचाऱ्यांनी."

"आता काय घालणार त्या! टाका कचऱ्यात," असं म्हणत त्याने आम्हाला भुशाच्या पोत्याकडे लाथेने ढकललं. मित्रांनो, लाथ मारायला त्याने वापरला तोही बूटच. चकचकीत पॉलिश केलेला. त्या क्षणी मी मनाशी म्हटलं, बच्चमजी, एक दिवस तुझ्या समोरून असा चालून दाखवेन की तुझ्या पॉलिशचा रंग उडेल.

काजंवालीने संध्याकाळी आम्हाला पोत्यातून काढलं, पदराने पुसलं आणि वहिनींच्या घरी पोचवलं. तिथे आम्ही पलंगाखाली पडलो. वर वहिनी पडलेल्या. केस विंचरलेले नाहीत, पडदे ओढलेले, जेवणाऐवजी बिस्किटं, औषध घेतलं तर घेतलं, रात्रभर मोबाइल आणि दिवसभर झोप. मुलगी दाताच्या दवाखान्यात नोकरीला होती. ती कामाला जाताना विनवायची, आल्यावर विनवायची. वहिनी भिंतीकडे तोंड करायच्या.

मग एक दिवस धाकटा फळं घेऊन आला. वहिनी झोपल्या आहेत असं समजून तो पलंगाजवळच मुलीशी बोलू लागला.

"हे बघ, तुझ्या आईचं आता संपलंय. मनाची तयारी ठेव. त्यांना कारखान्याचं काही सांगायचं नाही, विचारायचं नाही. जितके दिवस आहेत तितके सुखाने जाऊ देत."

"काका, असं नका ना बोलू."

"मी खरं तेच बोलतोय. त्या आता उभ्या राहायच्या नाहीत."

तो गेला.  मग पलंग करकरला आणि दोन सुजलेले पाय माझ्यासमोर खाली आले. वहिनींचा आवाज आला. इतका थंड आवाज मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता.

"माझे बूट दे."

त्या दिवशी त्यांना नाडीसुद्धा बांधता आली नाही. वाकलं की कंबर धरायची. मुलीने बांधून दिली. वहिनी नुसत्या बूट घालून खुर्चीत बसल्या, केस विंचरले, तोंड धुतलं आणि ताटात वाढलेलं सगळं जेवल्या. घास अगदी दात-ओठ खाऊन चावत होत्या. दुसऱ्या दिवशी तेच. मग दारापर्यंत. मग फाटकापर्यंत. फाटकाला धरून उभ्या राहत आणि पुटपुटत, "संपलंय म्हणे."

चांगल्या सवयी लोक आनंदाने लावून घेतात, असं तुम्ही ऐकलं असेल. आमच्या घरी त्या रागाने लागल्या. वहिनी सूर्याबरोबर उठायच्या ते धाकटा अजून झोपला असेल म्हणून. औषधाची गोळी पाण्याबरोबर अशी गिळायच्या, जणू त्यालाच गिळत आहेत. मोबाइल रात्री स्वयंपाकघरात ठेवून झोपायला लागल्या, कारण जागरणाने डोळे सुजतात आणि सुजलेले डोळे त्यांना त्या माणसाला दाखवायचे नव्हते. साखर असलेल्या माणसाने पायांना जपायचं असतं, म्हणून रोज संध्याकाळी पाय धुवायच्या, बोटांच्या बेचक्या कोरड्या करायच्या, आरसा धरून तळवे बघायच्या, कुठे फोड नाही ना, चीर नाही ना. सकाळी मला उलटा करून झटकायच्या, आत हात घालून खडा शोधायच्या. इतकी वर्षं माझ्यात कुणी बोटही घातलं नव्हतं. सांगायला लाज वाटते, पण त्या हाताने माझे टाके सैल झाले.

मुलीला मात्र काळजी वाटायची. एकदा ती म्हणाली, "आई, तू चालतेस याचा आनंद आहे गं. पण रागावर माणूस किती दिवस चालणार?"

"पोचेपर्यंत," वहिनी म्हणाल्या.

आणि त्या पोचल्या. कारखाना चढाच्या रस्त्यावर होता, दर्शनी भागाला मोठी काचेची खिडकी. धाकटा सकाळी तिथेच खुर्ची टाकून चहा प्यायचा. पहिल्या दिवशी आम्ही खिडकीसमोरून गेलो तेव्हा वहिनींना धाप लागली होती. पण तेवढ्या टप्प्यात त्यांनी श्वास रोखून धरला, मान ताठ ठेवली आणि आत बघितलंसुद्धा नाही. कोपऱ्यावर वळल्यावर मात्र दिव्याच्या खांबाला धरून उभ्या राहिल्या. धाकटा हसला होता. मी पाहिलं.

दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो. तिसऱ्या दिवशीही. ऊन असो, थंडी असो, आम्ही रोज गेलो. हळूहळू खांबाची गरज उरली नाही. वहिनींचा चेहरा उजळला, चाल सरळ झाली. धाकट्याचं हसू आधी कमी झालं, मग गेलं. तो आता कप घेऊन आत जाऊन बसायचा. पुढे त्याने खिडकीला पडदा लावला. पडदा लावला त्या दिवशी मी माझी टाच फुटपाथवर जरा जोरातच आपटली.

आत त्याचं काही ठीक चाललेलं नव्हतं. हे आम्हाला काजंवालीकडून कळायचं, कारण तोवर तीही कामाआधी आमच्याबरोबर चालायला येऊ लागली होती. मेव्हण्याने कापलेल्या बाह्या आखूड निघत होत्या. माल परत येत होता. धाकटा आरडाओरडा करायचा, उभ्याउभ्या वडे-बिस्किटं तोंडात कोंबायचा, एकामागून एक सिगारेट ओढायचा, आणि बायकांना जेवायलाही उठू द्यायचा नाही. "वहिनी, माझी पाठ तुमच्यासारखी व्हायच्या आत मला शिकवा," काजंवाली म्हणाली. तिच्या मागून शिलाईवाल्या आल्या, मग इस्त्रीवाली. पडद्यासमोरून रोज सकाळी बायकांची रांग हसत-खिदळत जायची. धाकट्याने दम भरला, "उद्यापासून जी चालायला जाईल तिने कामावर येऊ नये."

त्या संध्याकाळी वहिनी घरी जेवणाच्या टेबलाशी उभ्या राहिल्या. जुन्या चादरी अंथरून त्या कितीतरी दिवस तिथे कापायचा सराव करत होत्या. थोडं कापायचं, बसायचं, पाठ मोकळी करायची, पाणी प्यायचं, पुन्हा उभं राहायचं. त्या दिवशी त्यांनी कातरी पुसून पिशवीत टाकली.

सकाळी सगळ्या बायका आमच्या मागे होत्या. या वेळी आम्ही खिडकीसमोरून पुढे गेलो नाही. आत शिरलो.

मेव्हणा टेबलाशी बसला होता. वहिनी म्हणाल्या, "उठ. हे टेबल माझं आहे."

धाकटा धावत आला. "वहिनी, अहो, तुम्ही आजारी माणूस. तुम्हाला आता हे झेपणार नाही."

"झेपतंय की नाही हे तुम्ही रोज बघत होतात ना भाऊजी? म्हणून तर पडदा लावलात."

मागे कुणीतरी खुदकन हसलं, आणि मग सगळा कारखानाच हसला.  मेव्हणा निमूट उठला. त्या दिवसापासून दुपारी सगळी यंत्रं बंद ठेवून सगळ्यांनी बसून जेवायचं, आणि अधूनमधून उठून हातपाय मोकळे करायचे, असा नियम झाला. निम्म्या मालकिणीचा नियम. मोडायची कुणाची छाती?

एवढ्यावर माझं समाधान व्हायला हवं होतं, नाही का? नाही झालं. ते झालं पुढच्या महिन्यात. कापडाचा तागा खांद्यावर घेऊन धाकटा जिना चढत होता. मध्येच थांबला, कठडा धरला, घामाने डबडबला. थोरले बसले होते तीच पायरी. सगळ्या बायका वहिनींकडे बघू लागल्या. मी म्हटलं, आता म्हणा वहिनी, म्हणा त्याला, संपलंय!

वहिनींनी त्याला रिक्षात घालून डॉक्टरांकडे पाठवलं. या खेपेला थोडक्यात निभावलं होतं. दोन दिवसांनी तो परत आला तेव्हा त्या म्हणाल्या, "डॉक्टरांनी चालायला सांगितलंय ना? उद्या सकाळी आमच्या घराच्या फाटकाशी यायचं."

"येतो कधीतरी. जरा कामाची घाई संपली की..."

"उद्या. मी तुम्हाला इतक्यात सोडणार नाही भाऊजी. तुम्ही चांगले ठणठणीत जगायचं, आणि रोज उठून माझं तोंड बघायचं."

तो आला. बायकांच्या रांगेत सगळ्यात शेवटी, पॉलिशच्या बुटांत, फासफूस करत. चढ लागला तसा तो मागे पडला. "वहिनी, जरा हळू!" आम्ही हळू झालो नाही. अर्ध्या चढावर तो कसाबसा जवळ आला आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "वहिनी, माझं चुकलं. थांबा ना जरा. मला तुमची माफी मागायचीय."

वहिनींनी मागे वळूनही पाहिलं नाही.

"मागा ना," त्या म्हणाल्या. "पण चालता चालता मागा. थांबायला मला वेळ नाही."

आणि तो मागत मागत चढ चढला. मित्रांनो, त्या चढावर माझा तळ इतका झिजला की नंतर मला चालायच्या कामावरून काढावं लागलं. वहिनींनी नवा जोड घेतला. पण त्या मला अजून पुसतात, माझ्यात कागद भरून ठेवतात, ओल लागू देत नाहीत.

तुम्हाला एकच सांगतो. वेळेवर जेवा, वेळेवर झोपा, पाय धुवा, पाठ मोकळी करा, आपल्या बुटांत हात घालून बघत जा. प्रेमाने जमलं तर उत्तमच. नाही जमलं, आणि कुणी तुम्हाला मोडीत काढलं असेल, तर त्याचं तोंड आठवा आणि उठा. उशिरा कळलं तरी चालेल, पण तुम्ही धडधाकट आहात हे त्याला कळलं पाहिजे.

माझा उजवा भाऊ म्हणतो, आता तरी धाकट्याला माफ कर, तो बिचारा रोज चालतो. चालू दे. रोज चालू दे.