जावईबापूंचा रस्ता

जावयाला दहावा ग्रह म्हणतात ते उगाच नाही. बाकीचे नऊ निदान आकाशात राहतात. हा दुपारी जेवायला येतो.

खरं सांगायचं तर या गोष्टीतले जावईबापू ग्रह म्हणून अगदीच मवाळ होते. कुणाचं वाईट करावं असं त्यांच्या मनात कधी आलं नाही. त्यांना फक्त गरम जेवण आवडायचं, आणि जेवल्यावर जरा पाठ टेकायला आवडायचं. एवढ्यावर कुणाचं घर बुडतं असं कुणी सांगितलं असतं तर ते पोट धरून हसले असते. पोटही आताशा धरण्याजोगं झालं होतं.

नियोजन खात्यात ते सर्व्हेची गाडी चालवत. गाडीच्या टपावर एक यंत्र. गाडी जिथून जाईल तिथे ते ठिपके टाकत जायचं, आणि संध्याकाळी ते ठिपके कार्यालयातल्या कॉम्प्युटरवर उतरले की त्यांचे रस्ते व्हायचे. हमरस्ते, गल्ल्या, बोळ, शेताकडेच्या वाटा, सगळं. मग या रस्त्यांच्या नकाशावर वरचे लोक ठरवणार, वस्ती कुठे वाढू द्यायची, कारखाने कुठे बसवायचे, हिरवं कुठे राखायचं. आधी रस्ता आणि मग जमिनीचं नशीब, असा तो मामला. जावईबापू हे भेटेल त्याला ऐकवत, आणि सासरे तर त्यांच्यापुढे चार पावलं. रोपं घ्यायला आलेल्या गिऱ्हाइकाला पैसे परत देता देता ते सांगायचे, "आमच्या जावयाची गाडी जिथून जाते ना, तिथे रस्ता होतो." आपलं बोलणं इतकं खरं होईल असं त्यांना वाटलं नव्हतं.

सासऱ्यांची रोपवाटिका म्हणजे एक लांबुळकी पट्टी. पुढे छोटा रस्ता, मागे कारखान्यांकडे जाणारा मोठा रस्ता, मधे घर, आणि घराच्या दोन्ही अंगांना पिशव्यांतली रोपं, वाफे, सावलीची जाळी. सासरे माणूस अबोल, पण रोपांशी बोलायचे. कुठलं रोप रुसलंय आणि कुठलं सोंग करतंय ते त्यांना पानावरून कळायचं. माणसांच्या बाबतीत मात्र ते भोळे आहेत असं घरात सगळ्यांनी ठरवून टाकलं होतं.

सर्व्हेचं काम त्या भागात आलं आणि गाडी दुपार झाली की आपोआप सासरच्या दिशेला वळू लागली. सासूबाईंना आनंदच. वाफाळता भात, तळलेला मासा, वर "अजून एक घ्या, काम काय थोडं असतं का तुम्हाला." पहिल्याच आठवड्यात जावईबापूंनी पुढच्या फाटकातून गाडी उलटी काढताना कुंड्यांची एक अख्खी रांग चिरडली. सासऱ्यांनी खापऱ्या गोळा केल्या. दुसऱ्या दिवशी जावईबापू बघतात तर मागचं कुंपण गाडीपुरतं कापलेलं. लेक जन्मली त्या वर्षी सासऱ्यांनी स्वतः लावलेलं, छातीएवढं वाढलेलं जिवंत कुंपण.

"तुम्हाला मागे घ्यायचा त्रास नको," सासरे म्हणाले. "पुढून आत या, मागून थेट मोठ्या रस्त्याला लागा."

जावईबापूंना फार बरं वाटलं. मान मिळतोय म्हटल्यावर कुणाला वाटत नाही?

आता नियम असा की जेवणाच्या सुट्टीत टपावरचं यंत्र बंद करायचं. पण बंद केलं की यंत्र किती वेळ बंद होतं ते साहेबांना बसल्या जागी दिसायचं, आणि यांचं जेवण, त्यावरची डुलकी, त्यावरचा चहा हे सुट्टीत कुठलं मावायला! यंत्र चालू ठेवलं तर गाडी कामावर दिसायची. म्हणून ते चालूच राहिलं. रोज पुढच्या फाटकातून आत, घराजवळ मुक्काम, मागच्या कुंपणातून बाहेर. ठिपके पडत राहिले.

कार्यालयात कॉम्प्युटरवर बसणारी एक मुलगी होती, तिला सगळे नकाशावाली म्हणत. एकदा तिनं जावईबापूंना हाक मारली. "दादा, जरा बघता का? इथून तुम्ही रोज आरपार जाता. मशीननं रस्ता धरलाय. पण उपग्रहाच्या फोटोत नुसती हिरवळ दिसतेय. कुणाची खासगी जागा आहे का?"

आणि नेमके साहेब तिच्या खुर्चीमागे उभे, हातात चहाचा कप. त्यांनीही मान वळवली.

खासगी आहे म्हणावं, तर साहेब विचारणार, रोज तिथे कशाला जाता? जावईबापूंनी साहेबांकडे एकदा बघितलं. "रस्ताच आहे," ते म्हणाले. "वापरातला."

नकाशावालीनं तसं भरून टाकलं. साहेबांनी चहा संपवला. जावईबापू सुटलो म्हणून हसत हसत जागेवर गेले आणि संध्याकाळपर्यंत ते वाक्य विसरलेसुद्धा.

विभागाचा प्रारूप आराखडा प्रसिद्ध झाला तेव्हा तो रस्ता त्यात जाड लाल रेघेनं मिरवत होता. छोट्या रस्त्यावरची वस्ती आणि मोठ्या रस्त्यावरचे कारखाने जोडायला वरच्यांना एक दुवा हवाच होता. नवा काढायचा तर लोकांची घरं पाडा, शिव्या खा. इथे तर आयता रस्ता, रोजच्या वापरातला. नुसता रुंद करायचा. त्या रुंदीत वाफे जात होते, जाळी जात होती आणि घराची स्वयंपाकाची बाजू जात होती. नोटीस आली तेव्हा सासरे कलमं बांधत होते. हात धुऊन ते सरळ लेकीच्या घरी आले.

"घाबरायचं काय त्यात?" ते लेकीला म्हणाले. "आपला माणूस आहे तिथे. जावईबापू, कुण्या गाढवानं आपल्या अंगणातून रस्ता काढलाय बघा. तेवढं पुसून टाका."

जावईबापूंच्या कानांच्या पाळ्या तापल्या. हातातला घास त्यांनी परत ताटात ठेवला. "बघतो, बाबा," ते म्हणाले.

ते "बघतो" पुढे रोज चाललं. बायको विचारायची, "अहो, बघितलंत का?" हे म्हणायचे, "बघतोय." कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ, ही म्हण त्यांनी शाळेत पाठ केली होती, आता आरशात दाढी करताना ती समोर दिसायची. सासरी जाणं बंद झालं. कामाचं निमित्त सांगितलं, तर सासूबाईंनी डबा पाठवायला सुरुवात केली. तो डबा उघडताना त्यांना चोरी केल्यासारखं वाटायचं, आणि संपल्यावर संपवल्याची लाज वाटायची. संपायचा मात्र रोज.

शेवटी त्यांनी धीर करून नकाशावालीला गाठलं. "ती रेघ हळूच काढता येईल का गं?"

"आता नाही, दादा. आराखडा प्रसिद्ध झालाय. सुनावणीत हरकत मान्य झाली तरच निघेल." ती पडद्याकडेच बघत होती. "तिथे एक मोठ्ठा ठिपका आहे. गाडी जितका वेळ उभी, तितका ठिपका फुगतो. मला वाटलं पेट्रोल पंप असेल. काल मी मुद्दाम तिकडून गेले. पंप काही दिसला नाही. एक आजी भांडी घासत होत्या."

जावईबापू पडद्यावरच्या त्या ठिपक्याकडे बघत राहिले.

"तो रस्ता नाही हे जो तिथून गेला त्यानंच सांगायला हवं," ती म्हणाली. "मी सांगून काय उपयोग? मला तुम्हीच रस्ता म्हणून सांगितलाय."

सुनावणीच्या दिवशी सभागृह गच्च भरलं होतं. पुढे टेबलाशी सुनावणी घेणाऱ्या अधिकारी बाई, भिंतीवर मोठा पडदा, नकाशावाली कॉम्प्युटरशी. खात्याची माणसं मागच्या भिंतीला टेकून उभी, त्यांत जावईबापू. सासरे इस्त्रीचा सदरा घालून आले होते. नखांतली माती मात्र गेली नव्हती. घरातून निघताना त्यांनी लेकीला म्हटलं होतं, आज निकाल लावूनच येतो.

त्यांची पाळी आली. पडद्यावर रोपवाटिका उमटली, तिच्यातून आरपार गेलेली रेघ, आणि मधोमध तो लाल ठिपका, सासूबाईंच्या स्वयंपाकघराला चिकटून.

"काका, तुम्ही म्हणता इथे रस्ता नाही," बाई म्हणाल्या. "पण नोंद सांगते इथून गाडी रोज जाते. पुढून येते, मागून बाहेर पडते. कुणाची गाडी ही?"

सासऱ्यांनी पडद्याकडे बघितलं. ज्याला पानावरून रोपाचं दुखणं कळतं, त्याला आपल्या अंगणात काय उभं राहत होतं ते कळायला कितीसा वेळ लागणार? त्यांनी मान वळवून मागच्या भिंतीकडे एकदाच नजर टाकली. जावईबापूंना वाटलं, आता धरणी पोटात घेईल तर बरं.

"गिऱ्हाइकांची," सासरे म्हणाले.

"म्हणजे लोक येतात-जातात?"

"येतात."

"रोज?"

"रोपं न्यायला येतात."

"मग काका, हा वापरातला रस्ताच झाला की." बाईंनी पेन उचललं. आवाजात वाईटपणा नव्हता, उलट थोडी कीवच होती. "तुम्हीच तसं सांगताय."

सासरे दोन्ही हात टेबलाच्या कडेवर ठेवून उभे राहिले. जमीन वाचवायला आलेला माणूस जावयाची अब्रू वाचवून परत निघाला होता, आणि त्याबद्दल त्यांच्या चेहऱ्यावर तक्रार नव्हती. तक्रार असती तर जावईबापूंनी एक वेळ निभावून नेलं असतं.

"मॅडम, ती गाडी माझी आहे." आपलाच आवाज जावईबापूंना परक्याचा वाटला.

सगळ्या माना मागे वळल्या.

"म्हणजे खात्याची. सर्व्हेची. तिथे रस्ता नाही. ते माझं सासर आहे."

"कामासाठी जात होता?"

"जेवायला."

कुणीतरी फिस्सकन हसलं. मग ते हसू खुर्च्यांवरून पसरत गेलं.

"रोज?" बाईंनी विचारलं.

"रोज. आणि जेवून झोपायचो." विचारलं नव्हतं तेही त्यांनी सांगून टाकलं. "तो ठिपका म्हणजे माझी झोप आहे. बाहेर पडायला त्रास नको म्हणून ह्यांनी कुंपण कापून दिलं. या मुलीनं मला विचारलं होतं, ही खासगी जागा आहे का. मी रस्ता म्हणून सांगितलं. साहेब जवळ उभे होते म्हणून खोटं बोललो."

आता तर सभागृह खदखदून हसत होतं. जांभया देणारी माणसंसुद्धा ताठ बसून हसत होती. साहेब छताकडे बघत होते. हसत नव्हती ती दोनच माणसं. एक नकाशावाली, आणि दुसरे सासरे. त्यांनी मान इतकी खाली घातली होती की सदऱ्याची कॉलर कानाला लागत होती.

बाईंनी हसणाऱ्यांना गप्प केलं, रेघ रद्द करायची शिफारस लिहायला घेतली, आणि जावईबापूंना दुसऱ्या दिवशी खुलासा घेऊन यायला सांगितलं. जमीन राहिली. जावईबापूंची गाडी गेली; त्यांना तक्रारींचे फोन घ्यायला बसवलं. तिथे येताजाता कुणी ना कुणी विचारायचं, "काय दादा, आज जेवण कुठे?"

सासरे सुनावणीनंतर जावयासाठी न थांबता निघून गेले होते. त्यानंतरच्या रविवारी बायको म्हणाली, "चला, आईनं बोलावलंय." वाटभर ती खिडकीबाहेर बघत राहिली.

सासरे मागच्या बाजूला होते. कुंपणाच्या भगदाडात कुदळीनं चर खणत होते. शेजारी कुंपणाची रोपं, पिशव्या फाडून तयार. जावईबापू जवळ जाऊन उभे राहिले. करायला काही सुचेना म्हणून त्यांनी पाण्याची झारी उचलली.

"बाबा, माझं चुकलं."

"जमीन गेली असती तर चाललं असतं," सासरे चर खणता खणता म्हणाले. "दुसरीकडे वाफे केले असते. लोक हसले ते नाही चाललं."

"पण तुम्ही खोटं का बोललात? सगळं गेलं असतं."

सासऱ्यांनी कुदळ थांबवली. घराकडे बघितलं. आत लेक ताटं पुसत होती. "तिला रोज तुमच्याच तोंडाकडे बघायचंय ना?"

पाणी झारीतून जावईबापूंच्याच बुटावर गळत होतं.

सासऱ्यांनी एकेक रोप लावत आणलं. दोन्हीकडून कुंपण जवळ येत गेलं. मधे थोडी जागा राहिली तेव्हा ते हात झटकत उठले आणि म्हणाले, "इथे उभे राहा."

"कुठे?"

"इथे मधे. सरळ."

जावईबापू त्या फटीत उभे राहिले. मोठ्या रस्त्यावरून जाणारे लोक वळून बघत होते. सासऱ्यांनी त्यांच्या डाव्या खांद्याशी काठी टेकवून मातीत खूण केली, मग उजव्या. मग जरा मागे सरून त्यांच्याकडे आडवं-उभं बघितलं आणि दोन्ही खुणा बोटभर बाहेर सरकवल्या.

"पोटाचा हिशेब धरायला हवा," ते म्हणाले. ते हसले नाहीत. "गाडी नको. ऑफिसातून चालत येत जा. तुमच्या सासूला रोज वाढून वाट बघायची सवय लागलीय."

त्यांनी गुडघे टेकून दोन्ही बाजूंची रोपं लावली, आणि जावईबापू माती दाबली जाईपर्यंत मधे तसेच उभे राहिले. कुठे बघावं ते त्यांना कळेना. आतून सासूबाईंनी हाक मारली, पानं वाढली आहेत म्हणून. सासरे म्हणाले, "जा." जावईबापूंनी डोळे पुसले आणि हात धुवायला गेले.