हातावरचा फटका

धाकटीला उडायचं वेड कुठून लागलं, ते घरात कुणालाच सांगता आलं नसतं. बाबांनी उभा जन्म इमारतींच्या लिफ्ट दुरुस्त करण्यात घालवला. वर जायची सवय त्यांना होती, पण ती भिंतीच्या आतून. आईला गच्चीच्या कठड्याशी गेलं तरी गरगरायचं. थोरली शाळेत गणित शिकवायची. ती म्हणायची, आमच्या घरात एकच पक्षी जन्मला आणि तोही उशिरा उठणारा. पण धाकटीनं हट्ट सोडला नाही. दिवसा औषधांच्या दुकानात उभं राहायचं, उरल्या वेळात पुस्तकात डोकं घालायचं, असं करत करत तिनं गावाबाहेरच्या विमान शिकवणाऱ्या शाळेत प्रवेश मिळवला. तिथं तिच्या वाट्याला आले करवत सर.

हे नाव अर्थातच त्यांच्या आईवडिलांनी ठेवलेलं नव्हतं. शिडशिडीत अंगाचे, पन्नाशी उलटलेले हे गृहस्थ सगळ्या विद्यार्थ्यांना अहोजाहो करायचे आणि त्या अहोजाहोतच माणसाला उभं चिरायचे. "तुमचे पाय झोपलेत का हो? उठवा त्यांना, आपण उतरतोय." चुकलं की एकच शब्द, "पुन्हा." बरोबर आलं तरी तोंडातून चकार शब्द नाही. पोरं म्हणायची, सर घरी चहा पितात तेव्हाही कप खाली ठेवून बायकोला "पुन्हा" म्हणत असतील.

धाकटीनं ते सगळं सोसलं. पण बरोबरीचे सगळे एकेक करून एकट्यानं उडून आले आणि ती मात्र सरांच्या शेजारीच बसून राहिली, तेव्हा ते तिच्या जिवाला लागलं. शेवटी एकदा सर म्हणाले, शनिवारी वारा शांत असला तर बघू. या "बघू"चा तिनं घरी जाऊन "नक्की" केला. शनिवारी सगळं घर धावपट्टीच्या कुंपणाशी हजर. बाबांनी लग्नकार्यातला शर्ट चढवला होता.

सरांबरोबर तिनं धावपट्टीला काही फेऱ्या मारल्या, उतरली, पुन्हा चढली. आता सर दार उघडून खाली उतरतील आणि आपल्याला एकटीला सोडतील, याची ती वाट बघत होती. सरांनी इंजिन बंद करायला सांगितलं. कुंपणापाशी आल्यावर, घरच्यांच्या आणि इतर दहाजणांच्या देखत ते म्हणाले, "आज नाही. विमान तुम्ही चालवत नाही आहात, विमान तुम्हाला चालवतंय."

फोटोसाठी वर धरलेला फोन बाबांनी हळूच खिशात सरकवला. परतताना गाडीत आई एवढंच म्हणाली, "हवा मात्र छान होती."

त्याच संध्याकाळी धाकटीनं ते केलं. विमान शिकवणाऱ्यांना विद्यार्थी तारे देतात असं एक संकेतस्थळ होतं. नाव न सांगता लिहिता यायचं. तिनं करवत सरांचं नाव शोधलं, एक तारा दिला आणि लिहायला बसली. राग आला की तिची भाषा चांगली चालायची. सर विद्यार्थ्यांना चारचौघांत अपमानित करतात, असं तिनं लिहिलं. कौतुकाचा शब्द त्यांच्या तोंडून निघत नाही, असंही लिहिलं. आणि शेवटी लिहिलं, की एकदा शिकवताना त्यांनी एका विद्यार्थिनीच्या हातावर फटका मारला.

यातला एक शब्द खोटा नव्हता. फटका बसला होता, आणि तो तिलाच बसला होता. फक्त तो का बसला, ते तिनं लिहिलं नाही. उतरण्यासाठी खाली येत असताना सरांनी तिला एक मूठ ओढायला सांगितली होती, आणि तिनं शेजारचीच लाल मूठ धरली होती. त्या मुठीनं इंजिनाचं इंधन तुटतं. खाली झाडं होती. सांगायला वेळ नव्हता म्हणून सरांनी हातावर मारलं, एवढंच. हे लिहायला दोन ओळी पुरल्या असत्या. त्या दोन ओळी तिच्या मनात आल्या होत्या, आणि मजकूर पाठवताना तिनं त्या मनातच ठेवल्या.

गवताला काडी लावावी तसं झालं. दोन दिवसांत त्याखाली ओळींवर ओळी आल्या. काही जुने विद्यार्थी होते, त्यांचं दुखणं खरं होतं. पण ज्यांनी विमान फक्त आभाळात बघितलं होतं, असे लोकही तारे देऊ लागले. बाईमाणसावर हात टाकणारा मास्तर, असं कुणीतरी लिहिलं आणि तेच वाक्य गावभर फिरलं. एके दिवशी जेवताना बाबांनी फोन काढला, चष्मा कपाळावरून खाली घेतला आणि ते सगळं मोठ्यानं वाचून दाखवलं. "बघ, कुणीतरी बोललं एकदाचं," ते समाधानानं म्हणाले. "तुला बोललेलं त्याला भोवलं." धाकटीनं पाण्याचा पेला तोंडाला लावला आणि रिकामा झाला तरी खाली ठेवला नाही.

शाळेत तर दुसरा विषयच नव्हता. हौसेखातर उडायला शिकणारे एक दातांचे डॉक्टर होते, ते कँटीनमध्ये म्हणाले, "मलाही लोक तारे देतात. दुखलं नाही म्हणून पाच, गाडी लावायला जागा नाही म्हणून दोन. दात नीट भरला का, ते कळायला पाच वर्षं लागतात, तोवर तारा देणारा मला विसरलेला असतो." त्यावर एक थोराड मुलगी उसळून म्हणाली, की आधीच्या शाळेत तिला शिकवणारा माणूस दारू पिऊन यायचा आणि कुणाची बोलायची छाती नव्हती, तेव्हा असं लिहायची सोय असती तर बरं झालं असतं. दोघांचंही धाकटीला पटलं. त्यामुळे तर तिला जास्तच अवघडल्यासारखं झालं, कारण तिनं केलं ते या दोन्हींत बसत नव्हतं.

शाळेच्या प्रमुख बाईंनी सगळ्या शिक्षकांना बोलावून नवे नियम सांगितले. आवाज चढवायचा नाही, विद्यार्थ्याला हात लावायचा नाही, प्रत्येक धड्यानंतर विद्यार्थ्यानं शिक्षकाला तारे द्यायचे. करवत सरांचे बरेचसे विद्यार्थी दुसऱ्यांकडे गेले. धाकटी राहिली. सोडून गेलो तर आपल्यावरच संशय येईल, अशी तिला भीती होती. शिवाय आपण राहिलो तर काहीतरी भरून निघेल, अशी एक खुळी आशाही होती.

पण ज्यांच्याकडे ती राहिली, ते सर उरलेच नव्हते. तिनं विमान धावपट्टीवर आदळलं, तरी ते "ठीक आहे" म्हणायचे. वळण ढिलं गेलं, तरी "छान प्रयत्न." दोन्ही हात मांडीवर ठेवून, शाळेत शिक्षा झालेल्या मुलासारखे बसून असायचे. पूर्वी त्यांचा आवाज ऐकला की ती घाबरायची. आता तो आवाज येत नाही म्हणून घाबरायला लागली. धडा संपला की ती पाच तारे द्यायची आणि त्या प्रत्येक ताऱ्यानं तिला आणखी मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

मग तो दिवस आला. वारा आडवा होता. उतरण्याआधीचं शेवटचं वळण तिला उशिरा सुचलं, विमान धावपट्टीची रेघ ओलांडून पुढे गेलं. रेघेवर परत यायच्या घाईत तिनं वळण आवळलं आणि विमानाचं नाक वर ओढलं. वेग पडत गेला. वेग असा पडला की पंखांना हवा धरवत नाही आणि विमान दगडासारखं कलंडतं, हे तिला पुस्तकात पाठ होतं; हाताला मात्र ते माहीत नव्हतं. धोक्याचा भोंगा वाजायला लागला. पूर्वी भोंग्याच्या आधी सर वाजले असते. तिनं बाजूला पाहिलं. सरांचा हात मांडीवरून उचलला गेला होता आणि वाटेत, अधांतरी थांबला होता.

तो अर्धा क्षण तिनं पाहिला. मग सर "मी घेतलं" म्हणाले, नाक खाली गेलं, इंजिन गर्जलं, आणि खालच्या घरांची एका बाजूला झुकलेली छपरं हळूहळू सरळ झाली.

विमान उतरवून जागेवर लावल्यावरही सर खाली उतरले नाहीत. गरम इंजिन टकटक वाजत होतं.

"माझा हात थांबला. बघितलंत ना?" त्यांनी विचारलं.

"हो."

"आता हात घातला तर उद्या काय लिहून येईल, हे डोक्यात आलं. खाली घरं होती आणि मी तारे मोजत बसलो होतो."

धाकटी म्हणाली, "सर, ते मी लिहिलं होतं."

"माहीत आहे."

तिला वाटलं, आपण नीट ऐकलं नाही. सर समोरच्या काचेकडेच बघत होते. "इतकी वर्षं शिकवतोय. हातावर मारलं ते एकाच विद्यार्थिनीला. कुणी लिहिलं, ते शोधायला पोलीस कशाला हवेत?"

"मग माझ्याबरोबर का येत राहिलात?"

"तुमचं शिकणं अर्धवट होतं."

लाल मुठीचं आपण लिहिलंच नाही, असं ती कसंबसं म्हणाली. सरांनी मान हलवली. "नाही लिहिलंत. पण त्या दिवशी तुमच्या वडिलांसमोर जे बोललो, ते इथे, दार लावून बोलता आलं असतं. तेही तुम्ही लिहिलं होतं, आणि ते खरं होतं. मी रोज वाचतो ते." मग त्यांनी पट्टा सोडला. "पण ज्याचा हात थांबतो, त्यानं शेजारी बसू नये. हे काही तुम्हाला शिक्षा म्हणून नाही."

ते सरळ प्रमुख बाईंच्या खोलीत गेले आणि आपण यापुढे विमानात बसून शिकवणार नाही, असं सांगून आले.

धाकटीनं त्याच दुपारी, बाहेरच्या बाकावर बसून, आपल्या पूर्ण नावानं सगळं लिहिलं. लाल मूठ, झाडं, फटका, आणि आपण काय लपवलं ते. जुना मजकूर तिनं पुसून टाकला. पण लोकांच्या फोनमध्ये त्याची चित्रं कधीच पोचली होती. सांडलेलं तेल काही बाटलीत परत जात नाही. नवा मजकूर फारसा कुणी वाचला नाही. ज्यांनी वाचला त्यांतल्या दोघांनी खाली लिहिलं, की शाळेनं दबाव आणून हे लिहून घेतलेलं दिसतंय.

मग काही दिवसांनी ती सरांच्या घरी गेली. सर बाजारात गेले होते. दार त्यांच्या बायकोनं उघडलं. धाकटीनं आपण कोण ते सांगितलं, तशी त्या थोडा वेळ दारातच उभ्या राहिल्या. मग आत घेतलं, पाणी दिलं, समोर बसल्या. धाकटीनं माफी मागितली. बाईंनी मध्ये न तोडता सगळं ऐकून घेतलं.

"त्यांनी तुला माफ केलंय," त्या म्हणाल्या. "तो त्यांचा स्वभाव. मला जमायचं नाही. झोपेत ते हात असा उचलतात आणि मध्येच थांबवतात. हे तू बघत नाहीस, मी बघते." आवाजात राग नव्हता, म्हणून धाकटीला ते बोलणं झटकता येईना. तिनं पेला उचलून मोरीत ठेवला. बाई उठल्या नाहीत.

घरी जाऊन तिनं बाबांना सांगितलं. आईनं हातातलं काम खाली ठेवलं. बाबा म्हणाले, "मी ते दहा जणांना वाचून दाखवलं. त्याचं काय करू?" बाबा ज्या ज्या इमारतीत कामाला जात, तिथल्या ओळखीच्या माणसाला गाठून ते खरं काय झालं ते सांगत राहिले. बहुतेकांना कोण सर, कुठला फटका, काहीच आठवेना. ज्यांना आठवत होतं, त्यांना पहिलीच गोष्ट जास्त आवडली होती. धाकटीशी मात्र बाबा कित्येक दिवस कामापुरतंच बोलले.

दुसऱ्या एका शिक्षिकेकडे धाकटी शिकत राहिली आणि हिवाळा सरता सरता एकटीनं उडूनही आली. घरी तिनं आदल्या दिवशी कुणाला सांगितलं नव्हतं.

प्रमुख बाईंनी फार गळ घातल्यावर करवत सर जमिनीवरचा एक वर्ग घ्यायला तयार झाले. हवामान शिकवायचे. धाकटीला तो विषय सक्तीचा होता. वर्गात ती भिंतीकडच्या रांगेत बसायची. एकदा सरांनी फळ्यावर ढगांचा थर काढला आणि त्याखाली वारा कसा फिरेल, ते तिला विचारलं. तिनं उत्तर दिलं ते साफ उलटं होतं. वर्गातल्या दोघा-तिघांनी हसू दाबलं. आता तो "पुन्हा" येईल म्हणून तिनं अंग आवळून घेतलं, आणि एकाएकी तिच्या लक्षात आलं की तो यावा म्हणून आपण आसुसलोय.

"प्रयत्न चांगला होता," सर मऊ आवाजात म्हणाले, आणि त्यांनी शेजारच्याला विचारलं.