पूजेच्या धाग्याखालची रेघ

मी सायकलचं हँडल बोलतोय. घंटी वाजली की लोक वळून बघतात. मला नुसतं धरतात, ऐकत कोणी नाही.

धारच्या दुकानातून मला अंशुलने आणलं. उंच माणूस, वाकून सुसाट जायची हौस, म्हणून मला खाली आणि पार पुढे बसवलं. मग त्याला देवासला नोकरी लागली आणि सायकल आली त्याच्या वडिलांकडे, दत्ताजींकडे. वय सदुसष्ट, चण बुटकी. मला धरायचं तर बिचाऱ्यांना सायकलीवर पालथंच पडावं लागे. सगळा भार मनगटांवर. घरी आले की बोटं इतकी बधिर, की सदऱ्याची बटणं यमुनाबाईंनी काढायची.

"ऑटोने जा की हो," त्या म्हणायच्या. पण नात कृतिका शाळेला आजोबांच्या मागे बसूनच जाणार, आणि आजोबांनाही तेच हवं.

शेवटी आम्ही गोलू मिस्तरीकडे गेलो. त्याने दत्ताजींना बसवून पाहिलं, कोपर जरा वाकलं पाहिजे म्हणाला. मला धरणारा दांडा बदलून पुढे कमी येणारा घातला, तसा मी जवळ आलो. मग दांडा वर ओढला आणि त्याच्यावरच्या रेघेपाशी थांबला.

"बस काकासाब. ये लकीर बाहर नी आनी चिये. अंदर पकड़ नी रेगी." म्हणजे रेघ बाहेर दिसली, की दांड्याला आत पुरेशी पकड राहत नाही.

महिन्याभरात दत्ताजींची बोटं सुधारली. पण सुख मिळालं की माणसाला आणखी थोडं हवंच असतं. एका रविवारी घरीच पाना घेऊन बसले. "आणखी दोन बोटं वर," स्वतःशी पुटपुटले. रेघ वर आली. त्यांनी ती पाहिली, अंगठ्याने चोळली आणि पान्याने बोल्ट आवळून टाकला. मलाही तेव्हा बरंच वाटलं होतं, खोटं कशाला बोलू!

तिसऱ्या दिवशी खंडेनवमी. यमुनाबाईंनी मला हळदकुंकू लावलं, झेंडू खोचला आणि नेमके त्या दांड्याला लाल लच्छ्याचे, पूजेच्या धाग्याचे, पाच वेढे दिले. रेघ झाकली गेली.

पुढे हवा भरायला गेलो तेव्हा गोलूने विचारलं, "काकासाब, लच्छा हटाके देख लूँ जरा?"

"राहू दे रे भिया. पूजेचा धागा सोडत नाहीत. गळेल तेव्हा गळेल."

मी जीव खाऊन कुरकुरत होतो. दत्ताजींनी तेल घातलं.

दिवाळीनंतरच्या सोमवारी उतारावर गाय आडवी आली. त्यांनी ब्रेक दाबला, सगळा भार माझ्यावर आला आणि मी उपटून त्यांच्या हातात! मला नाही हो धरून राहता आलं. त्यांना खरचटलं. कृतिकाचं उजवं मनगट मोडलं.

आता मी व्हरांड्यात आडवा पडलोय. पोर डाव्या हाताने पोळी तोडते. यमुनाबाई रोज देवापुढे उभ्या राहतात. "माझ्याच पूजेत काहीतरी चुकलं गं बाई," म्हणून डोळे पुसतात. पोरीचा हात जुळेपर्यंत त्यांनी मीठ सोडलंय. दत्ताजी सगळं ऐकतात आणि खाली मान घालून जेवतात.

दत्ताजी, मला तोंड असतं तर मी केव्हाच ओरडलो असतो. तुम्हाला घरात कोण काय म्हणणार आहे? ती माउली आठ दिवस अळणी खातेय. सांगा ना हो तिला, की रेघ तुम्ही पाहिली होती.