पिवळ्या कागदाखालचे प्रश्न

मित्रांनो, घाबरट माणसं तुम्ही पुष्कळ पाहिली असतील. घाबरट पॅड पाहिलाय का? तो मी. लाकडी फळीचा, लोखंडी चापाचा, एक जुना लिहायचा पॅड.

माझा जन्म एका छोट्या कारखान्यात झाला. कारागिराने फळी घासली, कडा गोल केल्या आणि वर चाप ठोकला. चापात त्याचंच बोट सापडलं, तेव्हा तो कळवळून म्हणाला, "हा बरा कागद धरणार!" आयुष्यात माझं कौतुक झालं ते एवढंच. तिथून मी सरकारी मोजणीच्या कार्यालयात गेलो आणि ताईंच्या हाती पडलो. घरोघर जाऊन प्रश्न विचारणं हे ताईंचं काम. आम्ही नळ मोजले, चुली मोजल्या, मुलांच्या लसी मोजल्या. सुखाचे दिवस होते ते.

मग एका वर्षी नवी मोजणी आली. घरात बाईवर हात उगारला जातो का, किती वेळा, ती कुणाला सांगते का, हे मोजायचं होतं. ज्या वस्तीचा आकडा मोठा, तिथे बायकांसाठी मदतकेंद्र उघडणार होतं. आकडा नाही, तर केंद्र नाही.

ताईंना कागदांचे दोन गठ्ठे मिळाले. पांढऱ्यांवर खरे प्रश्न, पिवळ्यांवर पिण्याच्या पाण्याचे. बाई एकटी असेल तरच पांढरा कागद काढायचा. कुणी आलं, की झटकन पिवळा वर घ्यायचा. शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, "लक्षात ठेवा, चूक तुमची होईल आणि मार तिला बसेल." तेव्हा माझी जी पाचावर धारण बसली, ती बसलीच.

वस्तीतल्या एका चाळीत तिसऱ्या मजल्यावर एक शिवणकाम करणारी राहायची. ती एकटीच होती. ताईंनी दार लावून घेतलं आणि हळूच विचारलं, "गेल्या वर्षभरात घरातल्या कुणी तुमच्यावर हात उगारला का?"

तिने हातातली सुई कापडात टोचून ठेवली. मग म्हणाली, "हो."

ताईंनी पहिल्या चौकटीत खूण केली. अजून दहा चौकटी होत्या. तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला. ताईंनी पिवळा कागद वर ओढला. दारात तिचा नवरा उभा होता, गाड्या दुरुस्त करणारा, हात काळे तेलकट.

"पाणी उकळून पिता की गाळून?" ताईंनी विचारलं.

"मला विचारा ना! हिला काय कळतंय?" तो हसला. "बघू, काय काय लिहिलंय?"

त्याने मला उचललं. अरे देवा! त्याचा अंगठा माझ्या चापावर होता. एक कागद उलटला असता, की खाली पांढऱ्यावर तिचं 'हो' होतं. मी चाप आवळायचा तेवढा आवळला.

"अहो, हात बघा तुमचे!" शिवणवाली म्हणाली. "सरकारी कागदाला डाग पडला तर पुन्हा यायला लागेल यांना. पुन्हा तासभर हेच पुराण!"

"नको बाबा." त्याने मला ताईंकडे सरकवलं. आम्ही जीव मुठीत धरून जिना उतरलो.

कार्यालयात साहेबांनी कागद पाहिला. "अर्धाच? कोऱ्या जागी 'नाही' टाका. परवा गठ्ठे वर पाठवायचेत."

"ती नाही म्हणाली नाही, साहेब. तिला बोलताच आलं नाही."

"मग काय करू मी? सगळ्याच कोऱ्या जागांचं तेच करतोय आपण."

म्हणजे त्या वस्तीत सगळं आलबेल! ताई त्या रात्री जेवल्या नाहीत. आणि दुसऱ्या दिवशी भर दुपारी त्या पुन्हा तिथे गेल्या. संशय आलेल्या घरी परत जायचं नाही, असा नियम होता. पण ताईंना वाटलं, या वेळी तो कामावर असेल.

तो घरीच होता. दार उघडलं आणि आतून आवाज आला, "कोण आहे गं?"

ताईंना आपली चूक कळली. शिवणवालीच्या गालावर केस ओढलेले होते. तिने एकदा मागे पाहिलं आणि मोठ्याने म्हणाली, "कालच्या पाणीवाल्या ताई. सही राहिली म्हणे!"

तिने मला छातीशी धरलं आणि पिवळा कागद स्वतःच उचलून खालचा, आपल्या 'हो'चा पांढरा कागद उघडा केला. ती वाचत होती आणि खुणा करत होती. पेन इतकं दाबून चालत होतं, की माझ्या फळीपर्यंत पोचत होतं. दोन, तीन, चार. तिचं काळीज माझ्या पाठीवर धडधडत होतं.

"एका सहीला किती वेळ?"

"पेन चालत नाही हो!"

सात. आठ. आत खुर्ची सरकली. नऊ. पावलं आली. दहा, अकरा. तिने पिवळा कागद खाली सोडला आणि त्यावर सही केली, तेव्हा तो तिच्या खांद्यामागे उभा होता.

"झालं?"

"झालं."

दार लागलं आणि आतून कडी सरकली.

तो कागद गठ्ठ्यात गेला. बाकीच्या कोऱ्या कागदांसाठी ताई साहेबांशी भांडल्या आणि त्यांवर 'मुलाखत अपुरी' असं लिहवून घेतलं. वर्षाने त्या वस्तीत मदतकेंद्र उघडलं. शिवणवाली तिथे गेली का, मला ठाऊक नाही. आता ताईंच्या हाती काचेची यंत्रं आहेत आणि मी कपाटात पडून असतो. तिचा विचार करायचा नाही असं ठरवतो, पण कपाटात दुसरं करायला काय असतं?

मित्रांनो, माझ्या फळीवर तिच्या दाबलेल्या खुणा अजून उमटलेल्या आहेत; मला पुसू नका, रंगही लावू नका. उद्या तुमच्यातला कुणी साहेब होईल. त्याच्यापुढे कागद येईल आणि त्यावर 'नाही, नाही, नाही' अशी छान रांग असेल. शिक्का मारण्याआधी एवढंच विचारा: ती बोलत होती, तेव्हा तिच्या मागे कोण उभं होतं?