लपवलेलं ते ठमीचं

गवताच्या ढिगापाशी छोट्या पोहोचला तेव्हा त्याच्या तोंडावर हसू होतं. ठमी तोंड चाटत बाजूला झाली आणि विस्कटलेल्या गवतात त्याला एक खूर दिसला. बोटाच्या पेराएवढा, काळा, ओला. खालचं गवत लाल झालं होतं. छोट्या जागच्या जागी थिजला. हसू तोंडावर तसंच राहिलं, ते पुसायचं भानही त्याला उरलं नाही.

आता हा छोट्या म्हणजे काही पोरगा नव्हे. चांगला केस पिकलेला, गुडघे कुरकुरणारा बाप्या. पण त्याची थोरली बहीण याच प्राणिसंग्रहालयात हरणं सांभाळायची, ती त्याला छोट्या म्हणायची, म्हणून साहेबांपासून झाडूवाल्यापर्यंत सगळेच म्हणायचे. त्याच्याकडे रानडुकरं होती. म्हणजे शेवटी एकच उरली होती, ठमी. कित्येक वर्षं ती सिमेंटच्या खोलीत गोल गोल फिरत होती. भिंतीला घासून घासून तिची एक कूस पार उघडी पडली होती.

मग साहेबांनी टूम काढली, ठमीला हरणांच्या मोठ्या आवारात सोडायचं. लोकांना दोन्ही प्राणी एकत्र बघायला मिळतील आणि ठमीलाही मोकळीक. छोट्याला आकाश ठेंगणं झालं. ताई मात्र ऐकेना. "डुक्कर ते डुक्कर. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही," म्हणाली. छोट्याने रोज संध्याकाळी तिच्या स्वयंपाकघरात स्टुलावर ठाण मांडलं आणि तिचं डोकं खाल्लं. "ताई, माझी जबाबदारी. तुझ्या एका हरणाला ओरखडा आला तर मला विचार." शेवटी "आपला तो बाब्या" असं पुटपुटत ताई कबूल झाली. भरवसा तिने डुकरावर नाही ठेवला, भावावर ठेवला.

आणि खरंच, सगळं इतकं छान चाललं होतं की दृष्ट लागावी. ठमी चिखलात लोळायची, हरणं तिच्या शेजारी चरायची. उघड्या कुशीवर पुन्हा केस आले. कुणाचं कुणाशी वाकडं नव्हतं.

छोट्याची एक पद्धत होती. खाणं एका जागी ओतलं की डुक्कर ते दोन घासांत संपवतं आणि मग दिवसभर रिकामं बसतं. म्हणून तो सुक्या गवताचे ढीग घालायचा आणि त्यांत उकडलेली अंडी, रताळी, कधी कोंबडीचा तुकडा दडवून ठेवायचा. रोज ढीग वेगळा. ठमी नाक खुपसून, उकरून उकरून शोधायची, आणि सापडलं की छोट्या लांबून म्हणायचा, "शाब्बास गं बाई." गवतात दडवलेलं असेल ते आपलं, हे तिला त्याने असं रोज शिकवलं होतं. ठमी हुशार, ती शिकली.

आवारात दोन हरिणी गाभण होत्या. त्यांना पुढच्या आठवड्यात वेगळं काढायचं ठरलं होतं. ताईच्या मते अजून वेळ होता. पण एक पहाटेच व्याली. आणि हरिणीची रीत अशी, की व्यायल्यावर पाडस दाट गवतात दडवायचं आणि आपण दूर जाऊन चरायचं. पाडस दम धरून पडून राहतं. कुणी अगदी जवळ आलं तरी हलत नाही.

त्या आवारात दाट गवत एकच होतं, छोट्याने घातलेलं.

त्या सकाळी ठमी ढीग उकरताना छोट्याने पाहिलं होतं. आपण तर त्या ढिगात आज काही ठेवलं नाही, एवढं त्याच्या ध्यानात आलं होतं. कालचं एखादं अंडं राहिलं असेल, असं त्याला वाटलं. आणि कुंपणाला टेकून, चहा पीत पीत, तो रोजच्यासारखा म्हणाला होता, "शाब्बास गं बाई."

हे आठवलं आणि त्याने तिथूनच ताईला हाक मारली.

ताई आली. तिने गवत पाहिलं, खूर पाहिला, लांब उभी राहून कान टवकारून इकडेच बघणारी हरिणी पाहिली. ती भांडली असती तर बरं, असं छोट्याला वाटलं. भांडणाची सवय होती दोघांना.

"ताई, मी तिला शाब्बासकी दिली गं," तो म्हणाला. "ती खात होती आणि मी..."

"गप्प बस," ताई म्हणाली. "साहेब येतायत."

साहेब आले आणि त्यांचाही चेहरा उतरला. "कुणी केलं हे?"

"भटकं कुत्रं शिरलं असावं, साहेब," ताई म्हणाली. "नाल्याची जाळी एका बाजूला उचकटलीय. कधीपासून सांगतेय मी."

छोट्या तिच्याकडे बघतच राहिला. जन्मात कधी ही बाई खोटं बोलली नव्हती. लहानपणी त्याने कप फोडला की हीच आधी आईला जाऊन सांगायची. आणि आज तिचंच पाडस गेलेलं, तरी ती त्याच्या डुकरिणीसाठी साहेबांच्या डोळ्याला डोळा भिडवून थाप मारत होती. खुरापेक्षाही मोठा धक्का त्याला या गोष्टीचा बसला. गप्प राहिलो की ठमी वाचली, एवढं सोपं होतं सगळं. साहेब जाळीकडे निघालेसुद्धा.

दुसरी गाभण हरिणी पलीकडच्या गवताच्या ढिगापाशी उभी होती. पोट खाली उतरलेलं, ढीग हुंगत होती.

"कुत्रं नाही, साहेब," छोट्या म्हणाला. "ठमीनं खाल्लं. मीच शिकवलं तिला, ढिगात असेल ते खायला."

साहेबांनी दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. "आजच्या आज तिला आत घे. आणि आता ती बाहेर यायची नाही."

"दुसरी हरिणी वेगळी काढू, ढीग बंद करू," ताई म्हणाली. "तिचा काय दोष?"

"दोष नाहीच तिचा. पण पुन्हा ही जोखीम मी घेणार नाही," साहेब म्हणाले आणि निघून गेले.

ताई भावावर तेव्हा उखडली. "कशाला तोंड उघडलंस? मी सांभाळलं होतं ना?"

"आणि दुसरं पाडस?"

यावर ताई डोळ्याला पदर लावून उभी राहिली.

ठमी दुसऱ्या कुणाच्या हाकेला यायची नाही, म्हणून हे कामही छोट्यावरच आलं. त्याने खोलीचं दार उघडलं आणि आधी तो स्वतः आत गेला. ठमी उंबऱ्यापाशी अडली. ही खोली ती विसरली नव्हती. पण छोट्या आत होता, म्हणजे भ्यायचं कारण नव्हतं. ती आली. ताईने तिच्यामागे दार ओढून घेतलं, छोट्या समोरच्या गजांच्या दाराने बाहेर पडला आणि त्याने कडी घातली.

ती चिडली असती, दारावर धडका मारल्या असत्या, तर त्याने ते सोसलं असतं. पण ठमी गजांना नाक लावून शांत उभी राहिली आणि तो पुन्हा आत कधी येतो त्याची वाट पाहू लागली.