काचेचं आतडं आणि शिवरात्रीचा उपास

"माणसाच्या पोटाचा अंदाज घ्यायला आता माणसाची गरज उरलेली नाही!" नाशिकच्या आहार संशोधन केंद्रात डॉ. चिंतामण गर्गे यांनी समितीसमोर जाहीर केलं. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या.

टेबलावर काचेची चार भांडी होती. एकात लाळ, दुसऱ्यात आम्ल, तिसऱ्यात पित्त आणि चौथं म्हणजे मोठं आतडं. नागलीचा, म्हणजे नाचणीचा, कोंडा पहिल्यातून शेवटच्यात गेला की किती गॅस होतो ते नळीवर दिसे. कोंडा खाणाऱ्याचं पोट किती फुगेल, ते कुणी न खाताच कळायचं.

चौथ्या भांड्यात फक्त माणसाच्या आतड्यातले जिवाणू लागत. ते दुकानात मिळत नाहीत. केंद्राचा शिपाई खंडेराव, मूळ हरसूलचा, ते सकाळी डब्यातून देई. नमुना ताजाच हवा, हा नियम खुद्द गर्गे सरांचा.

अकराला प्रात्यक्षिक होतं. ते झालं नाही तर संशोधक संपदाची फेलोशिप आजच बंद होणार होती. तिने खंडेरावला दारातच गाठलं.

"डबा?"

"नाय झालं, मॅडम."

"नाही झालं म्हणजे?"

"काल शिवरात्र व्हती ना. दिवसभर साबुदाणा आन् बटाटा. सकाळपासून तीनदा बसून आलो."

"अहो, माझी फेलोशिप जाईल! पुन्हा एकदा बघता का?"

"आता मी काय कमी जोर लावला व्हय?"

संपदा स्वतः खोकल्यासाठी अँटिबायोटिक घेत होती, म्हणून बाद. बाकीच्यांकडे तिने शक्य तितक्या सभ्य शब्दांत चौकशी केली. काल सगळ्यांनी उपासाची साबुदाणा खिचडीच खाल्ली होती. कोंड्याने पोट कसं साफ होतं हे जगाला सांगणाऱ्या त्या केंद्रात आज एकाचंही पोट साफ नव्हतं.

आत सर रंगात आले होते. "मी उपासतापास मानत नाही. काल शिवरात्रीलासुद्धा दोन भाकरी आणि मेथीची भाजी खाल्ली. औषधाची गोळी म्हणाल, तर वर्षभरात एक नाही!"

दारात उभ्या संपदाने सरांकडे पाहिलं. मग खंडेरावकडे. खंडेराव न सांगताच चहा आणायला गेला.

पाचच मिनिटांत ती सरांच्या कानाशी वाकली. एका हातात वाफाळता कप होता, दुसऱ्या हातात झाकणाचा पांढरा डबा.

"सर, आधी गरम चहा घ्या. आणि मग एवढं... अकराच्या आत. चमचा आतच ठेवलाय."