सोंगाला दिलेलं लुगडं

शेंगेवरची लव उन्हात सोनेरी दिसत होती – मांजराच्या पिल्लाच्या पाठीसारखी, सहज हात फिरवावा अशी – आणि देवकाने बाभळीच्या दोन काड्यांमध्ये धरून ती जराशी वाकवली तेव्हा त्यातले काही केस सुटून वाऱ्यावर गेले, कुठे गेले ते दिसलंही नाही. तिने श्वास रोखला. खाजकुइली नाकात गेली की संपलंच. लहानपणी माहेरी तिचा भाऊ कुंपणावरच्या या वेलीत पडला होता; आईने त्याला शेण फासलं, अंगावर ताक ओतलं, तरी तो अंगणात लोळत होता, मान ओरबाडत होता, आणि शेवटी बाप म्हणाला होता की याचे हात बांधा. तेव्हा तिला रडू कोसळलं होतं. आज ते सगळं आठवून तिला बरं वाटत होतं. फार बरं वाटत होतं.

गोठ्यामागच्या आडोशाला तिने लुगडं उलटं पसरलं होतं. हिरवं, लाल काठाचं. कमरेशी जे येतं, मांडीला जे घासतं, मानेवरून पदर जिथून जातो… कुठली जागा कुठे बसते हे तिच्याइतकं कोणाला ठाऊक असणार? नेसून नेसून ती जागा नि जागा ओळखत होती. तिथे तिथे तिने शेंग झटकली. सावकाश, मन लावून – सण असल्यासारखी. मग काड्यांनीच घड्या घातल्या, वर जुन्या धोतराचा तुकडा गुंडाळला, आणि रीतीप्रमाणे हळदकुंकवाचं बोट लावून चिमूटभर तांदूळ ठेवले. घे रूपराव. नेस. साहेबलोकांसमोर नेस.

वडनेरच्या दंडारीची ही रीतच होती. दिवाळीत दंडार उभी राहिली की नाच, गाणी होत, आणि मध्येच गावातल्या कोणाचं तरी सोंग निघे. ज्याचं सोंग त्याच्याच घरचा कपडा मागून आणायचा, त्याने हळदकुंकू लावून द्यायचा, रागवायचं नाही. आणि सोंग चालू असताना त्याला पुढे, ढोलकीच्या शेजारी बसायचा मान. मान म्हणे! कोतवालाचं सोंग निघालं, सावकाराचं निघालं, आणि मागच्या दिवाळीत निघालं ते – मोटारवालीचं. म्हणजे माझं.

लुगडं तेव्हाही हेच होतं, पण ते सासूने दिलं होतं, तिला न विचारता. दुपारी ती शेतातून आली तर दांडीवर लुगडं नाही. आनंदाबाई शांतपणे म्हणाल्या, रूपराव घेऊन गेला, सोंग आहे तुझं. देवका गेलीच नाही. दार लावून चुलीपाशी बसली, आणि गावाच्या त्या टोकाकडून हसण्याचा आवाज येत राहिला – लाटेसारखा चढायचा, पडायचा, पुन्हा चढायचा. त्यातला प्रत्येक आवाज तिला ओळखू येत होता. हा पाटलाचा, हा शेजारच्या जिजाबाईचा, ही पोरं. दुसऱ्या दिवशी जिजाबाई पाण्याला आली आणि तिने विहिरीवरच सगळं करून दाखवलं: रूपराव पाण्याचा गडू घेऊन कसा सडकेवर उभा राहिला, मोटार आली की कशी मान उंच केली, प्रत्येक उतारूच्या तोंडाकडे कसं पाहिलं, आणि धूळ खाऊन कसा खोकला. "देवका वं, हासून हासून पोट दुखलं आमचं," ती म्हणाली होती, आणि तिला खरोखरच वाटत होतं की देवकालाही हसू येईल. तेव्हापासून पोरं तिला पाहिली की तोंडाने मोटारीचा आवाज काढतात.

पोरांचं सोडा. पोरांना तिने कधीच माफ केलं होतं. हरिदास आला नाही, ते कसं सोडायचं? नवरा हिंगणघाटला कापसाच्या जिनात कामाला, त्याच्यासाठीच ती रोज सडकेवर मोटारीची वाट पाहायची. पोळ्याला आला होता, बैलांना रंग लावून गेला होता. आणि ते सोंग निघालं, ते कोणीतरी त्याच्या कानावर घातलं असणारच – सरकी-कापसाच्या बैलबंड्या रोज तिकडे जातात, तोंडं काय शिवलेली असतात? – आणि तो लाजला. माझी बायको सडकेवर उभी राहते नि गाव हसतं, म्हणून तो लाजला. कोण मानी माणूस येईल? तेव्हापासून संक्रांत होऊन गेली, तो आला नाही, निरोप नाही. देवकाचा हिशोब सरळ होता. माझं घर रूपरावाने मोडलं. हात न लावता, नाचून मोडलं.

आणि तोच काल दारात उभा. डोक्यावरचं पागोटं काढून हातात घेतलेलं. हरिदासचा तो लहानपणचा दोस्त. दोघे एका ताटात जेवलेले. म्हणाला, विकास योजनेचे साहेब वर्ध्याहून येणार आहेत, गावोगावची कलापथकं पाहून चांगली ती निवडणार आहेत, आपली दंडार वर्ध्याला जाईल, मग नागपूरलाही जाईल. सोंगांमध्ये गावाला हेच सोंग पाहिजे.

"मागल्या खेपीले तुमाले इचारलं नाई, वैनी," तो म्हणाला. "या खेपीले इचाराले आलो. तुमी नाई म्हणसान तं दुसरं सोंग काढतो."

नाही म्हणायचं, हे तिच्या जिभेवर आलंही होतं. पण मग तिला कुंपणावरची वेल दिसली. त्याच्या खांद्यावरून, अगदी समोर. वाळलेल्या, वाकड्या शेंगा लगडल्या होत्या.

"न्या ना भाऊजी," ती म्हणाली. "काऊन नाई म्हणू?"

तो तिच्याकडे बघत राहिला. त्याला बहुधा शिव्या अपेक्षित होत्या. मग म्हणाला, तुमी पाहाले येजा. आणि ती मनात म्हणाली, येईन तर. पुढे बसेन. माझ्या मानाच्या जागेवर बसेन आणि तू लुगडं फेडून साहेबांसमोर उघडा पळशील ते डोळे भरून पाहीन.

…दुपारी रूपरावाच्या बहिणीने येऊन गाठोडं नेलं. देवकाने ते धोतराच्या तुकड्यासकट उचलून दिलं आणि सांगितलं, वरच्या कपड्यानेच धर, घडी मोडेल, त्यालाच उघडू दे. मुलगी छान होती, नाकात मोरणी घातलेली, तिला काही होऊ नये. सूड कसा, ज्याचा त्यालाच पोचला पाहिजे. मग तिने हात शेणाने चोळून धुतले, भाकरी थापल्या, म्हशीला ढेप घातली. मनगटाला जरा चुणचुणत होतं. एखादा केस लागला असेल. ते चुणचुणणंही तिला आवडलं – एवढ्या एका केसाने असं, तर त्याला कसं… हसू येऊन तिने ओठ दाबले, आणि आनंदाबाईंनी विचारलं की आज स्वारी खुशीत कशी.

"सोंगात नाव निघनं म्हंजे मान असते, पोरी," म्हातारी म्हणाली. "माह्यं तं कोणी काढलं नाई कधी."

 भाकरी उलटताना ते वाक्य देवकाला उगाचच टोचलं. म्हातारीचा आवाज थट्टेचा नव्हता.

उन्हं कलायच्या आत सगळं उरकायचं होतं, साहेबांना परत जायचं होतं. पौषात दंडार कधी कोणी पाहिली होती? पण सरकारी कला म्हटल्यावर महिना कोण विचारतो. शाळेसमोर मांडव, आंब्याचे डहाळे, बॅटरीवरचा भोंगा, जीपभोवती पोरांचं मोहोळ. साहेब बोलायला उभे राहिले: खेड्यातल्या लोककला म्हणजे खेड्याचं धन, त्यांनी ग्रामीण जीवन समृद्ध होतं, एकी वाढते, वगैरे. समृद्ध! देवका ढोलकीच्या शेजारी ताठ बसली होती – ती जागा लोकांनी आपणहून मोकळी ठेवली होती, मागच्या वेळीही म्हणे रिकामीच ठेवली होती – आणि तिला वाटलं, उठून भोंग्यात सांगावं की साहेब, मला विचारा, या कलेने माझं काय काय समृद्ध केलं ते. पण थांब. आता होईलच.

नाच झाला. गाणं झालं. मग ढोलकी बदलली, आणि शाळेच्या दारातून ती आली.

ती. देवकाच्या मनात तोच शब्द आला, आणि ती दचकली. मिशा काढलेला रूपराव दिसायला हवा होता, लुगड्यातला बाप्या. पण ती बाई होती. डाव्या पायावर भार देऊन चालत होती. गडू कडेवर नव्हता, दोन्ही हातांत पोटाशी धरला होता – असाच धरते मी? – आणि सडकेच्या कडेला येऊन तिने आधी पायाने एक खडा बाजूला सारला, मग तिथे उभी राहिली. लोक हसले. देवका नाही हसली. तो खडा रोज असायचा तिथे. रोज ती तो सारायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा यायचा. हे जिजाबाईने विहिरीवर करून दाखवलं नव्हतं. हे तर मलाच माहीत नव्हतं.

मग सुरू झालं. आधी मानेला हात गेला. मग कमरेला. एक मोटार आली – ढोलकीवाला तोंडाने घरघरला – बाईने मान उंच केली आणि त्याच वेळी तिची मांडी थरथरली, तिने पाय पायावर घासला, आणि गाव हसून कोसळलं. त्यांना वाटलं, नवीन काढलंय. साहेबही हसले.  आता. आता फेडेल. आता पळेल. रूपरावाच्या मानेवर लाल चकंदळं उठली होती, पदर घासला जाई तिथे तिथे, आणि डोळ्यांतून पाणी यायला लागलं होतं. त्याने एकदा तिच्याकडे पाहिलं. सरळ. शेतकऱ्याचा पोर, खाजकुइली त्याला काय कळणार नाही? त्याला कळलं. तिला दिसलं की त्याला कळलं.

आणि त्याने गडू दोन्ही हातांनी घट्ट धरला. खाजवायला हातच उरला नाही.

दुसरी मोटार गेली. बाईने एकेका उतारूकडे पाहिलं. पाहताना तोंडावर आधीच हसू तयार ठेवलं होतं, आणि प्रत्येक चेहरा परका निघाला की ते हसू तिथेच, तसंच ठेवायची, उतरवायची नाही, पुढच्यासाठी. पदराच्या टोकाने गडूचा काठ पुसायची. असं मी करते. देवा, असं मी करते, आणि हा रूपराव बैलबंडी घेऊन जाता येता कुठूनतरी पाहत होता, आणि इतकं पाहिलं त्याने… हरिदासने कधी पाहिलं? पोळ्याला आला तेव्हा त्याने बैलांच्या शिंगांकडे पाहिलं, ताटाकडे पाहिलं, आणि जाताना दारात उभी होते तर म्हणाला, बाजू हो.

शेवटची मोटार गेली. धूळ आली. बाई खोकली, लोक हसले. आणि मग जे झालं ते तिला कोणी सांगितलंच नव्हतं – जिजाबाईने नाही, सासूने नाही, ढोलकीसुद्धा थांबली. बाई खाली बसली. खड्याच्या बाजूला. गडू वर केला आणि त्यातलं पाणी स्वतः प्यायली, सावकाश, सगळं, घोट घोट, गळा हलताना दिसत होता. पुसलं तोंड, आणि निघाली. डोळे गळत होते, ते खाजेने की कशाने कोण जाणे. कोणी हसत नव्हतं. मागच्या दिवाळीतही, तिला एकदम उमगलं, हसणं असंच शेवटी थांबलं असणार. चुलीपाशी बसून तिने तो थांबलेला आवाज ऐकला होता, आणि वाटलं होतं की संपलं.

मागच्या दिवाळीत.

तिने पुन्हा मोजल्यासारखं केलं. सोंग दिवाळीत निघालं. म्हणजे सोंग निघायच्या आधी, कोणी हसायच्या आधी, मी सडकेवर उभी होतेच. पोळ्यानंतर दसरा गेला, तेव्हाही उभी होते. त्याच्या आदल्या साली अख्खा उन्हाळा. रोज. हरिदासने लाजावं असं अजून काही घडलंच नव्हतं तेव्हा… मग तेव्हा तो काऊन नाही आला?

टाळ्या वाजत होत्या. साहेब उभे राहून टाळ्या वाजवत होते. शाळेच्या मागे कोणीतरी ताकाचं मडकं घेऊन धावलं, रूपराव ओरडत होता बहुतेक, भोंग्याच्या आवाजात ते ऐकू येत नव्हतं. जिजाबाईने मागून देवकाच्या खांद्यावर हात ठेवला आणि तसाच राहू दिला. देवकाने आपला राग शोधला. तो होता, सकाळी होता तेवढाच, कदाचित जास्त, छातीपासून बोटांच्या टोकांपर्यंत. पण त्यात रूपराव नव्हता. कितीही चाचपलं तरी नव्हता. तिथे दुसराच उभा होता, दारातून बाजू हो म्हणणारा, आणि त्याच्यावर राग धरायचा म्हणजे नेमकं काय करायचं असतं, हे तिला आजवर कोणी शिकवलं नव्हतं.